मायची चूप बैठक

माझी माय क्वेकर होती असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "काय?" म्हणतो, मग "म्हणजे ख्रिश्चनच ना?" म्हणतो, आणि त्यानंतर मी जे सांगायला लागते ते त्याला ऐकायचं नसतं. आयुष्यभर हे सांगून मी आता थकले आहे. परवा सुनेच्या मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "गप्प बसणारे लोक असतात ते." ती म्हणाली, "मग बरंच आहे की!" आणि चहा पिऊन निघून गेली. तिचं काही चुकलं नाही. पण ती गेल्यावर मला वाटलं, आता गुडघे गेले, एक डोळा गेला, स्मरण अजून आहे. तर मायचं जे सांगायचं राहिलंय ते लिहून ठेवावं. त्यातली एक गोष्ट मी साठ वर्षांत जागेपणी ऐकणाऱ्या कुणालाही सांगितलेली नाही.

माय मूळची बैतूलकडची, मराठी बोलणाऱ्या घरातली. पटकीच्या साथीत तिचे आईवडील एकाच आठवड्यात गेले आणि नर्मदेकाठी विलायतेहून आलेल्या क्वेकर लोकांच्या बोर्डिंगात ती वाढली. ही माणसं ख्रिस्ताला मानणारी, पण त्यांना पाद्री नाही, क्रूस नाही, घंटा नाही, भजन नाही. सगळे एका खोलीत गोल करून गप्प बसायचे, हीच त्यांची पूजा. त्यांच्याच दवाखान्यात माय पट्ट्या गुंडाळायचं काम करायची. बाबा तेव्हा इटारसीच्या रेल्वे यार्डात जड सामान उचलणारे खलाशी होते. रूळ उतरवताना पाय मोडला आणि ते त्या दवाखान्यात येऊन पडले. बाबा सांगायचे, "पाय तं महिन्याभरात बरा झाला होता, पण मी अजून महिनाभर लंगडून राहिलो." मायला हे ऐकवत नसे. "म्हणजे तुम्ही खोटं लंगडलात," ती म्हणायची, आणि तिला त्याचं खरोखर वाईट वाटायचं. लग्नही त्यांचं त्या गप्प खोलीतच झालं. ना अंतरपाट, ना अक्षता. दोघांनी उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं, बस्स. बाबा भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, त्यांच्याकडून लग्नाला कुणी आलं नाही. बाबा म्हणायचे, बरंच झालं, वाजंत्री नाही म्हणून माझ्या बापानं तिथंच मला धरून बडवलं असतं.

भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा जड सामान उचलून बसवणारी माणसं हवी होती. बाबा आले, मागून आम्ही आलो. आधी कॅम्प-१ मध्ये पत्र्याच्या खोलीत होतो. तिथं उन्हाळ्यात भांडं पत्र्याला टेकलं तर चटका बसायचा. मग कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, मागे एवढंसं अंगण. माझं लहानपण म्हणजे लाल धूळ. वाळत घातलेल्या चादरीवर धूळ, माठावरच्या फडक्यावर धूळ, दलियात धूळ. आणि आवाज: शिफ्टचा भोंगा, डंपरची घरघर, आणि जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राचा धम्म, धम्म. त्या धम्मनं शेल्फावरच्या वाट्या हळूहळू सरकत कडेला यायच्या आणि माय दिवसातून दोनदा त्या मागे ढकलायची. मुलूखभरचे लोक आले होते. आंध्राचे, बंगालचे, पंजाबचे, रशियाचेसुद्धा. "तुम्ही कोण?" हा प्रश्न जो तो ज्याला त्याला विचारायचा. मायला विचारलं की ती हिंदीत सांगायची, "हम लोग मित्र हैं." क्वेकर लोक स्वतःला मित्र म्हणवतात म्हणून. विचारणारी बाई गोंधळून म्हणायची, "हाँ हाँ, मित्र तो हैं ही, पर जात?"

माय सगळ्यांना 'आप' म्हणायची. रस्त्यावर डोक्यावरून विटा वाहणाऱ्या छत्तीसगडी बाया, रेजा म्हणायचे त्यांना, दुपारी आमच्या पायरीवर पाणी प्यायला येत. माय त्यांना आमच्याच कपात चहा द्यायची आणि म्हणायची, "आप बैठिए." त्या बिचाऱ्या आपल्यामागं कुणी साहेब उभा आहे की काय म्हणून वळून पाहायच्या. बाबांना मात्र ती नावानं हाक मारायची. "महादेव, पाणी आलंय." बोलताना 'तुम्ही' आणि हाक मारताना 'महादेव', कारण क्वेकरांत नवराबायको एकमेकांना नावानंच हाक मारत. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, पुढे आमच्याकडे राहायला आली तेव्हा पहिल्यांदा हे ऐकून तिच्या हातातली परात पडली होती.

आणि रविवारची बैठक. न्याहारी झाली की माय पुढच्या खोलीत चटई अंथरायची, भिंतीला पाठ लावून बसायची, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. मी समोर. भिलाईत दुसरं क्वेकर माणूस नव्हतं, तेव्हा मंडळी दोनच. समोर फोटो नाही, दिवा नाही, काही नाही. नियम साधे होते. उठायचं नाही, बोलायचं नाही. आतून काही आलं, बोलावंसंच वाटलं, तर बोलायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. बाकीच्यांनी ते ऐकून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही. आणि शेवटी जो वयानं वडील असेल तो डोळे उघडतो, शेजारच्यापुढे उजवा हात करतो, हातात हात मिळाला की बैठक संपली. तो हात येईपर्यंत बैठक चालूच असते, मग अर्धा तास होवो की दोन तास. माय डोळे उघडायची, माझ्याकडे पाहून थोडंसं हसायची, हात पुढे करायची, आणि म्हणायची, "झालं." मग आतल्या खोलीतून बाबा विचारायचे, "झालं का? मले चहा पायजे." बाबा कधी बसले नाहीत. ते तिला चूप बैठक म्हणायचे. कारखान्यात रोज बैठका होतात, तिथं सगळे बोलून राहतात आणि काम काही होत नाही, त्यापेक्षा ही बरी, असं त्यांचं मत होतं.

मला त्या तासाभरात काय वाटायचं, खरं सांगू? पाय मुंगायचे. नाक खाजायचं. मायचा आवडता दलिया पोटात जड व्हायचा. पण तेवढा वेळ माय पूर्ण माझी असायची, हेही कळायचं. बैठकीत ती क्वचितच बोलली. एकदा म्हणाली, "काल मी पाणी भरायला आलेल्या बाईंवर चिडले. त्यांची चूक नव्हती." एवढंच. नंतर उठून ती त्या बाईकडे गेली. मी एकदाच बोलले, की पेरूच्या जेलीत मी बोट घातलं होतं. माय काही म्हणाली नाही, कारण उत्तर द्यायचं नसतं. ती जेली तिला बोर्डिंगातल्या मॅडमनी शिकवली होती. पेरू उकडून फडक्यात बांधून रात्रभर टांगायचे, सकाळी त्या पाण्यात साखर घालून आटवायचं. लालसर, थरथरणारी जेली. आत्या तिला "पेरूचं शेंबूड" म्हणायची आणि पोळीला लावून खायची.

मायचं खरं बोलणं हे आमच्या घरातलं मोठं दुखणं होतं, मायच्या दुखण्याच्याही आधीपासूनचं. दारावर कुणी आलं आणि बाबांनी आतून "नाही म्हणून सांग" अशी खूण केली, तर माय दारात जाऊन म्हणायची, "आहेत, पण त्यांना भेटायचं नाही." शपथही घ्यायची नाही. शाळेत सगळ्या पोरी घडीघडी "विद्या कसम", "माँ कसम" करायच्या. मी एकदा घरी म्हटलं तर मायनं मला जवळ बसवून विचारलं, "शपथ घेतलीस की खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं चालतं का? आपल्याकडे दोन प्रकारचं खरं असतं का, एक रोजचं आणि एक सणाचं?" तेव्हापासून मी शपथ घेतली नाही. शाळेत त्यामुळे माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना मायला धाप लागायला लागली. आधी पाण्याची बादली उचलताना, मग नुसतं मागच्या दारापर्यंत जाताना. पाय सुजायचे, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी सांधेताप येऊन गेला असेल, त्यानं हृदयाची झडप खराब झाली आहे. बाबांनी झडप म्हणजे व्हॉल्व्ह एवढं समजून घेतलं आणि मग ते डॉक्टरांशी वाद घालायला लागले. "साहेब, एवढ्या मोठ्या भट्टीच्या पाइपाचा व्हॉल्व्ह आम्ही एका शिफ्टमध्ये बदलून देतो. माणसाचा कावून नाही बदलता येत?" डॉक्टर चांगले होते. म्हणाले, दक्षिणेत कुठेतरी असं ऑपरेशन करतात, पण हिची तब्येत एवढा प्रवास सोसण्यातली नाही. बाबा घरी आले आणि अंगणात बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले, सुटलेल्या नाड्या पुन्हा बांधून पुन्हा सोडत राहिले. मला त्या वेळी बाबांचा फार राग आला होता, का ते आठवत नाही.

मीठ बंद झालं. मायचं वरण वेगळ्या भांड्यात, अळणी. मी एकदा सोबत म्हणून तिच्याबरोबर अळणी जेवले, तर म्हणाली, "तू खोटी सोबत करू नकोस, मीठ घे." रात्री तिला आडवं झोपता येईना, जीव गुदमरायचा. डॉक्टर म्हणाले, खाटेची उशाकडची बाजू उंच करा. दुसऱ्या दिवशी बाबा भट्टीला लावायच्या चार विटा सायकलच्या पिशवीतून घेऊन आले. जड, पिवळ्या, कोऱ्या विटा. मायनं विचारलं, "गेटपास आहे का?" बाबा म्हणाले, "पडून होत्या त्या. कोणी इचारत नाही." माय म्हणाली, "महादेव, मला विचारायचं आहे ना." बाबांनी बुटांकडे पाहिलं. खोटं बोलताना बाबा नेहमी बुटांकडे पाहायचे. ती रात्र माय खुर्चीत बसून राहिली, पण विटांवर झोपली नाही. सकाळी बाबा तणतणत विटा परत घेऊन गेले. साहेबाकडे अर्ज केला, आणि आठवड्यानं चार फुटक्या विटा आणल्या, पासासकट. तो पास मायच्या उशीखाली होता. फुटक्या विटांमुळे खाट डुगडुगायची, पण मायला त्यावर झोप लागायची. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "चार फुटक्या इटांसाठी म्या तीन सह्या घेतल्या, बाप्पा!"

मायला काम जमेना तेव्हा आत्या आली. ती विधवा होती, तोंडानं फटकळ, हातानं कष्टाळू. आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं माय भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली पाहिली आणि मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "काहाले रुसली वो तुही माय? म्या काही बोलली का तिले?" मी ओठांवर बोट ठेवलं आणि परत जाऊन बसले. आत्याला तर खात्रीच पटली. तिनं तासभर खपून पाटोड्यांचा रस्सा केला, झणझणीत, तर्रीदार, आणि ताट घेऊन मायसमोर उभी राहिली. "घे वो बाई. झालं गेलं इसरून जाय." मायनं डोळे उघडले, माझ्यापुढे हात केला, "झालं" म्हणाली, आणि मग इतकी हसली की तिला धाप लागली. मीठ-तिखटाचं ताट ती खाऊ शकत नव्हती, ते बाबांनी खाल्लं. आत्याला पुढे सगळं समजावून सांगितलं तरी ती शेवटपर्यंत म्हणायची, "रोज चूप बसलं तं समजते. हप्त्यातून एकच डाव चूप बसनं, हे रुसनंच झालं." शेजारच्या रमाबाईंना मात्र ते लगेच कळलं. त्या नागपूरकडच्या, नवरा कारखान्याच्या रेल्वेत, नुकतीच दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, ध्यान हाये ते. बोलू नोका तिले तेव्हा." म्हणून रविवारी सकाळी आमच्या दारात कुणी आवाज करत नसे. सगळ्या आळीला आम्ही मायच्या गप्प बसण्याची सवय लावून ठेवली होती.

तो रविवार हिवाळ्यातला होता. बाबा पहिल्या शिफ्टला गेलेले, आत्या भाजी आणायला बसनं कॅम्प-१ च्या बाजारात गेलेली. मी अकरा वर्षांची होते. मायला बरेच दिवस बैठकीला चटईवर बसता येत नव्हतं, ती खाटेवरूनच बसायची. त्या दिवशी म्हणाली, "आज खाली बसू." मी चटई घातली, उशी दिली, तिला धरून बसवलं. ती भिंतीला टेकली, हात गुडघ्यांवर ठेवले. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पायावर पाय घेऊन बस, थंडी आहे." मग डोळे मिटले.

एरवी मायचा श्वास वाजायचा. वर्षभर आमच्या बैठकीत तोच एक आवाज होता, बारीक शिट्टीसारखा. त्या दिवशी थोड्या वेळानं तो वाजेनासा झाला. मला आनंद झाला. मला वाटलं, औषध लागू पडलं. हे वाक्य लिहायला मला आज दोन दिवस लागले आहेत.

दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता. बैठकीत वेळ मोजायची माझी तीच रीत. पट्टा उंबऱ्याशी असला की सुरुवात, चटईच्या कडेला पोचला की संपायची वेळ. तो चटईच्या कडेला आला. माय हलली नाही. मग एकदा तिचा उजवा हात गुडघ्यावरून घसरून चटईवर आला. उताणा. बोटं थोडी मिटली, थोडी उघडली. मी माझा हात अर्धा पुढे नेला. पण मायनं डोळे उघडले नव्हते, ती हसली नव्हती, "झालं" म्हणाली नव्हती. आधी डोळे, मग हसू, मग हात, असा क्रम होता. मला वाटलं, हात नुसता घसरला आहे, बैठक अजून चालू आहे, आणि मध्येच धरला तर मोडेल. मी हात मागे घेतला. तिची बोटं आणखी एकदा हलली आणि मग थांबली. ऊन चटईवरून पुढे सरकलं, तिच्या पावलांवर आलं, खाटेखालच्या फुटक्या विटांपर्यंत गेलं. एवढी लांब बैठक कधीच झाली नव्हती. माझे पाय पार बधिर झाले होते, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता, की मी हलले नाही.

रमाबाई वाटी परत द्यायला आल्या. दारातून त्यांनी मायला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "शीला, माय अशी कावून बसली वो?" मी ओठांवर बोट ठेवलं. त्या क्षणभर थांबल्यासुद्धा. मग चप्पल न काढता आत आल्या, मायच्या कपाळाला हात लावला, आणि त्यांच्या हातातली वाटी पडली. पुढचं सगळं भराभर झालं. आळीतली माणसं, दवाखान्याची गाडी, कुणीतरी सायकलवरून कारखान्याच्या गेटवर गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या तोंडावर चादर ओढली.

ना पाद्री, ना भटजी. तिचं काय करायचं हे कुणाला कळेना. एकदा आत्यानंच तिला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "ज्याचा तुम्हाला कमी त्रास होईल ते करा." बाबांच्या गँगमधल्या माणसांनी खांदा दिला, रमाबाईंचे यजमान पुढे होते, आणि शिवनाथ नदीवर अग्नी दिला. त्या रेजा बायाही काम टाकून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या तशाच.

संध्याकाळी घर बायांनी भरलेलं होतं. आत्या रडून रडून घोगरी झाली होती, आणि तिला कुणावर तरी ओरडायचं होतं. तिनं माझा दंड धरला. "तू समोर बसली होती ना वो? दोन दोन घंटे? तुले काई समजलं नाई? तिनं काई खूण केली नाई? हात-बीत नाई हालवला?" बाबा दाराशी बसले होते, त्यांनी मान वर केली. आत्या म्हणाली, "माह्या गळ्याची आन घे अन् सांग, का तिनं काईच खूण केली नाई." आणि मी म्हटलं, "माय म्हणायची, शपथ घ्यायची नसते."

सगळ्या बाया हुंदके देऊन रडायला लागल्या. रमाबाईंनी मला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "पाहा, किती मायवर गेली पोट्टी!" आत्यानं माझा दंड सोडला. मायनं मला खरं बोलण्यासाठी जे दिलं होतं, त्याच्याच आड मी लपले. मी खोटं बोलले नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यात काही अर्थ नाही, हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं.

चार दिवसांनी बाबा पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "डॉक्टरले इचारलं म्या. ते म्हणे, बाजूले खुद्द डॉक्टर बसला असता, तरी काई झालं नसतं. दोन मिनिटांचं काम होतं." हे सांगताना ते बुटांकडे पाहत होते. तेव्हापासून आजपर्यंत मी त्या बुटांचा अर्थ लावत आले आहे. ते खोटं बोलत असतील. मायला त्यांनी आयुष्यभर लहान-लहान खोटं बोलून सांभाळलं, तसंच मलाही. किंवा त्या दिवसांत ते सगळंच बुटांकडे पाहून बोलत होते. माझा जावई हृदयाचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं तर दोन वाक्यांत सांगेल. मी विचारलेलं नाही आणि आता विचारणारही नाही.

तेराव्यानंतरचा रविवार आला. मी उठले, दलिया केला, तो करपला. मग चटई अंथरली आणि माझ्या जागेवर बसले. आत्या म्हणाली, "आता काहाले वो बाई?" आणि डोळे पुसत मागच्या अंगणात गेली. बाबा रात्रपाळी करून आले होते. हातपाय धुतले, खोलीत आले, मला पाहिलं, आणि चहा न मागता मायच्या जागेवर भिंतीला टेकून बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी मांडीखाली घेतले, मग छातीवर बांधले, मग माझ्याकडे पाहून गुडघ्यांवर ठेवले. डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांची मान एका बाजूला पडली आणि ते घोरायला लागले.

बाहेर धम्म, धम्म चालू होतं. शेल्फावरच्या वाट्या कडेला आल्या होत्या, त्या मागे ढकलायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. ऊन चटईच्या कडेला पोचलं. आणि मला आतून काहीतरी आलं. आतून आलं तर बोलायचं असतं आणि ते खरं असावं लागतं, म्हणून मी बोलले. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. "मायनं हात पुढे केला होता. मी धरला नाही."

उत्तर द्यायचं नसतं. बाबांनी दिलं नाही. ते झोपलेले होते. फक्त घोरणं थांबलं होतं, ते माझ्या बोलण्याच्या आधी थांबलं की नंतर, हे मी सांगू शकत नाही.

मी त्यांच्या हाताची वाट पाहिली. त्या चटईवर आता तेच वडील होते. काळ्या ग्रीसच्या रेषा असलेला तो जाड हात गुडघ्यावर तसाच पडून होता. त्यांना नियम माहीतच नव्हता, कधी बसलेच नव्हते ना. ऊन त्यांच्या पावलांवर आलं, आणि मला एकदम इतकी भीती वाटली की मी क्रम, नियम सगळं सोडून पुढे सरकले आणि तो हात दोन्ही हातांनी धरला.

बाबांनी डोळे उघडले. लाल डोळे, रात्रपाळीचे.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. पण हात त्यांनी सोडला नाही, आणि चहाही मागितला नाही.